फुलणारे बॉन्साय : मूळसंस्कार व पुनर्रचना

उथळ कुंडीत वाढवून छाटणीने लहान राखलेल्या फुलझाडाची बिघडलेली मुळे दुरुस्त करणे, त्याची कुंडी व माती बदलणे आणि नंतर फांद्यांना नवे वळण देऊन ते पुन्हा बहरण्याजोगे करणे, या क्रियांचा समावेश या पद्धतीत होतो. ‘बॉन्साय’ या जपानी शब्दातील ‘बॉन’ म्हणजे उथळ पात्र व ‘साय’ म्हणजे लागवड. झाड खुजे राहते ते उपासमारीमुळे, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. शेंड्यांची व मुळांची वेळोवेळी छाटणी करून आकार मर्यादित ठेवला जातो आणि प्रत्येक छाटणीनंतर नवी तंतुमुळे फुटू दिली जातात. ही नवी मुळे फुटेनाशी झाली म्हणजे वरचा डोलारा कितीही सुंदर असला, तरी झाड काही वर्षांत मरते.

इतिहास : पात्रात लहान वृक्ष वाढविण्याची कला चीनमधून जपानमध्ये गेली. चीनमधील युवराज जांग-ह्वाय याच्या थडग्यातील (इ. स. ७०६) भित्तिचित्रात पात्रातील लघुवृक्ष वाहून नेणारे सेवक दिसतात. जपानमधील १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन गेंकी’ या चित्रगुंडाळीत कुंडीतील झाडे रेखाटलेली आहेत. ‘हाचि-नो-कि’ (कुंडीतील झाड) या प्रसिद्ध नो नाटकातील दरिद्री सामुराई बर्फाळ रात्री आलेल्या अतिथीला ऊब मिळावी म्हणून आपली जर्दाळू वर्गातील ऊमे, चेरी व पाइन ही तीन जपलेली झाडे जाळतो. यांपैकी दोन फुलझाडे आहेत; फुलणाऱ्या लघुवृक्षांना तेथे किती जुना मान होता, हे यावरून दिसते. एदो काळात (१६०३–१८६८) ॲझेलियाची आवड शिगेला पोहोचली. ईतो ईहेई याच्या १६९२ मधील ‘किन्शू माकुरा’ या ग्रंथात तिच्या तीनशेहून अधिक प्रकारांची नोंद आहे.

पूर्वीच्या कुंड्या बऱ्याच खोल असत. मेजी काळात (१८६८–१९१२) ‘बॉन्साय’ ही संज्ञा रूढ झाली आणि उथळ तबकासारख्या कुंडीला प्राधान्य मिळाले. कुंडी उथळ झाली तशी मुळांची अडचण वाढली. पाणी तळाशी साचू लागले व मुळांना पसरण्यास जागा कमी पडू लागली. त्यामुळे मातीच्या कणांचा आकार, पाण्याचा निचरा व कुंडी पालटण्याचा काळ यांविषयीचे ज्ञान व्यावसायिक संवर्धकांकडे साठत गेले. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकिओतील अनेक संवर्धक स्वच्छ पाणी, हवा व चांगली माती यांच्या शोधात ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे बॉन्सायग्राम वसले. स्थलांतरासाठी माती हेही एक कारण असावे, ही गोष्ट सूचक आहे.

मुळांचे दोष : कुंडीत दीर्घकाळ राहिलेल्या झाडाची मुळे भिंतीलगत गोल फिरून घट्ट जाळी तयार करतात. मधला भाग दगडासारखा टणक होतो; वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते व गाभा कोरडाच राहतो. याउलट निचरा नसलेल्या मातीत मुळे काळी, मऊ होऊन कुजतात. फायटॉप्थोरासारखे रोगकारक तेथे बळावतात. काही झाडांत एकाच बाजूला जाड मुळे वाढतात किंवा एक मूळ दुसऱ्याला आवळते. सूत्रकृमींमुळे तसेच ॲग्रोबॅक्टेरियम या जंतूमुळे मुळांवर गाठी येतात. चिनोमेलिस या फुलझाडाची मुळे वसंतात कापल्यास गाठी अधिक येतात, असा जपानी संवर्धकांचा अनुभव असल्याने त्याची कुंडी शरद ऋतूत बदलतात. पाने लहान व फिकट होणे, कळ्या गळणे, पाणी घातल्यावर ते पृष्ठभागावर साचून राहणे, ही दोषांची बाह्य लक्षणे होत.

पद्धती : ॲझेलियाची मुळे केसासारखी बारीक असून त्यांना आम्लधर्मी माती लागते. जपानमध्ये त्यासाठी तोचिगी प्रांतातील कानुमा येथील सच्छिद्र ज्वालामुखीय माती वापरतात. जुन्या झाडाचा टणक गोळा एकदम सोडविणे घातक ठरते. म्हणून एका हंगामात गोळ्याच्या अर्ध्या भागाची जुनी माती काठीने व पाण्याने काढून तेथे नवी माती भरतात. त्या बाजूला मुळे फुटल्यावर, एकदोन वर्षांनी, दुसरा अर्धा भाग घेतात. कुजलेली मुळे निरोगी, फिक्या रंगाच्या भागापर्यंत कापतात. झाड हलल्यास नवी तंतुमुळे तुटतात, म्हणून ते कुंडीच्या छिद्रांतून ओवलेल्या तारेने घट्ट बांधतात. नवी पालवी येईपर्यंत झाड सावलीत ठेवतात व खत देत नाहीत. त्या वर्षीच्या कळ्या खुडतात.

मुळे जितकी कापली तितक्याच फांद्याही छाटाव्यात, हा जुना दंडक होता. मात्र पानांत तयार होणारी शर्करा आणि कोवळ्या शेंड्यांतून खाली येणारे ऑक्सिन हे वृद्धिनियंत्रक द्रव्य यांच्या आधारेच नवी मुळे फुटतात, हे वनस्पतिशास्त्राने दाखविले. त्यामुळे मूळसंस्काराच्या वर्षी पाने शक्य तितकी राखून, तार गुंडाळून फांद्यांना वळण देण्याचे काम झाड सावरेपर्यंत लांबणीवर टाकण्याकडे आता कल आहे.

भारत : वृक्षमुळांच्या उपचाराची भारतीय परंपरा स्वतंत्र व जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध व शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत लावून झाड दुसरीकडे हलवावे, असे त्यात सांगितले आहे. फांद्या न फुटलेली झाडे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात व मोठ्या खोडाची पावसाळ्याच्या प्रारंभी लावावीत, असा ऋतुभेदही दिला आहे. हा उपचार जमिनीतील वृक्षांसाठी आहे. तथापि झाडाचे वय व ऋतू पाहूनच मुळांना हात लावावा हे त्यातील तत्त्व कुंडीतील झाडालाही लागू पडते. महाराष्ट्रात बॉन्सायचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने मुंबई व पुणे येथून झाला.

जपानी ऋतुपत्रिका दख्खनमध्ये जशीच्या तशी चालत नाही. सांगली–तासगाव मार्गावरील माधवनगर व त्याच्या आसपासचा कृष्णाकाठचा प्रदेश यांचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. येथील काळी माती ओली झाल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. शेतात ती सुपीक असली, तरी उथळ कुंडीत तिच्यामुळे पावसाळ्यात मुळे गुदमरतात व उन्हाळ्यात तंतुमुळे तुटतात. म्हणून विटांचा चुरा, जाड वाळू व चांगले कुजलेले खत यांचे मिश्रण वापरणे हितावह असते. ॲझेलियापेक्षा बोगनवेल, डाळिंब व ॲडेनियम ही झाडे अशा हवेत टिकतात. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील; कॉमेरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ती रिओ दे जानेरोजवळ गोळा केली. तिची रंगीत ‘फुले’ म्हणजे वस्तुतः छदे होत. तिची मुळे ठिसूळ असल्याने मातीचा गोळा फुटल्यास झाड दगावण्याचा धोका असतो. थंडी ओसरल्यावर किंवा पावसाच्या आरंभी, गोळ्याचा गाभा शाबूत ठेवून तिची कुंडी बदलतात.

बुंध्याची मुळे दुरुस्तीपलीकडे गेली असल्यास गुटी कलमाचा उपाय उरतो. खोडाची साल कंकणाकार काढून तेथे ओले शेवाळ बांधतात. वरून येणारे अन्न तेथे अडून नवी मुळे सर्व बाजूंनी फुटतात व जुना बुंधा कापून टाकता येतो. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी भागातील डाळिंब बागायतदारांना हे तंत्र रोपे तयार करण्यासाठी परिचित आहे. तासगाव–मिरज परिसरातील द्राक्ष बागायतदारांनीही खारवट जमिनीत तग धरणाऱ्या डॉगरिज खुंटावर द्राक्षवेलीचे कलम करून मुळांचा प्रश्न सोडविला. या प्रदेशातील बॉन्साय संवर्धकाला आवश्यक असलेले बरेचसे मूळज्ञान अशा रीतीने शेजारच्या मळ्यांतच उपलब्ध आहे.

मूळसंस्कारात एका किंवा दोन वर्षांचा बहर गमवावा लागतो, म्हणून प्रदर्शनाच्या किंवा शोभेच्या हव्यासापायी तो पुढे ढकलला जातो. अनेक जुनी झाडे अशा दिरंगाईनेच जातात. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानातील पाइन वृक्ष १६२५ पासून कुंडीत आहे. हीरोशीमा येथे १९४५ च्या अणुबाँब हल्ल्यातून तो बचावला व १९७६ मध्ये जपानने दिलेल्या ५३ बॉन्सायांच्या भेटीत अमेरिकेला मिळाला. चार शतकांत त्याचे पालक अनेकदा बदलले. परंतु प्रत्येक पिढीने त्याची मुळे वेळेवर नवी करून दिल्यामुळेच तो टिकून राहिला आहे.