जखमी सागरी कासवांचे पुनर्वसन

जखमी सागरी कासवांचे पुनर्वसन म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या किंवा जाळ्यात सापडलेल्या कासवावर उपचार करून, ते स्वतः बुडी मारून अन्न मिळवू लागल्यावर त्याला पुन्हा समुद्रात सोडण्याची प्रक्रिया होय. भारतात सागरी कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे असे कासव घरी ठेवता येत नाही. ते आढळल्यास वन विभागाला कळवावे लागते.

महाराष्ट्रातील स्थिती

पावसाळ्यातील उधाणाबरोबर कोकण किनाऱ्यावर जखमी कासवे वाहून येतात. त्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अधिक असतात. हिरवे कासव व हॉक्सबिल यांची लहान वयाची कासवेही सापडतात. वेळाससारख्या गावांत झालेले काम मुख्यतः अंडी व पिल्ले यांच्या रक्षणाचे आहे. जखमी कासवांवरील उपचारांसाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे वन विभाग आणि 'वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन' ही संस्था यांच्या सहकार्याने केंद्र चालवले जाते.

तुटून वाहत राहिलेली जाळी हे दुखापतीचे प्रमुख कारण आहे. नायलॉनचा दोरा पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला आवळला की रक्तपुरवठा थांबतो आणि पाय कापावा लागतो. जाळे कापून संरक्षित सागरी प्राण्याची सुटका करणाऱ्या मच्छीमारांना भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून आहे.

उपचार

किनाऱ्यावर दिसलेले कासव लगेच पाण्यात ढकलणे ही सर्रास होणारी चूक आहे. कासव फुफ्फुसांनी श्वास घेते. अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरू शकते. त्याला पाय धरून न उचलता, उलटे न करता, सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवणे योग्य ठरते.

केंद्रात आधी शरीरातील पाण्याची कमतरता भरून काढतात, कवचावरचे शेवाळ व बार्नेकल काढतात आणि क्ष-किरण तपासणीत पोटातील गळ किंवा मोडलेली हाडे शोधतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा चयापचय मंद असल्याने जखम भरण्यास कित्येक आठवडे, कधी अनेक महिने लागतात.

सर्वांत अवघड समस्या तरंगण्याची असते. फुफ्फुसे पाठीच्या कवचाला लागूनच असल्याने कवच तडकल्यास हवा शरीराच्या पोकळीत शिरते. प्लास्टिकमुळे आतड्यात वायू साठूनही तसेच होते. असे कासव बुडी मारू शकत नाही, उपाशी राहते आणि बोटींच्या पंख्यांना बळी पडते. फ्लोरिडातील मॅरेथॉन येथील 'टर्टल हॉस्पिटल'मध्ये (स्थापना १९८६) अशा कासवांच्या कवचाला वजने चिकटवतात. मात्र वजने गळून पडत असल्याने ती कासवे समुद्रात सोडली जात नाहीत.

मुक्तता

एक पाय गमावलेले कासव बहुधा सोडता येते, पण कवच भरून आलेले तरी तरंगत राहणारे कासव सोडता येत नाही. बाहेरून दिसणाऱ्या जखमेपेक्षा बुडी मारण्याची क्षमता महत्त्वाची मानली जाते. कासव तळाशी स्थिर राहते का, अन्न स्वतः पकडते का आणि त्याचे वजन वाढते का, हे पाहिले जाते. लहान कासव माणसाच्या हाताला सरावू नये म्हणून हाताळणी कमीत कमी ठेवतात. समुद्र खवळलेला असल्यास मुक्तता पुढे ढकलतात.