कुत्रा, ससा आणि अकरा किलोमीटरचा तट

जोडून तीन सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईकडची माणसं डोंगराकडे पळतात. हल्ली घरचं कुत्रंही सोबत असतं. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीचा बेत तोच होता : तिचा कुत्रा आणि आमचा माणिकगड. १६४६ मीटरचं कळसूबाई चढून आलेल्या पोरीला माणिकगड म्हणजे टेकाडच. समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० मीटर. पण गडचांदूरच्या पुढे चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने कुत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, याले वर नोको नेऊ. बिबट माणसाले सोडते, कुत्र्याले नाही सोडत."

आम्ही चहा पिऊन परत फिरलो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरांत माणसामागे कुत्रा चढत नव्हता असं नाही. चढायचा, पण पारधीला, नाहीतर गुरांच्या राखणीला. सुट्टीतला सोबती म्हणून नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने पारध गुन्हा ठरली आणि कुत्र्याचं रानातलं मुख्य काम संपलं. आता तो गावच्या वेशीवर भुंकतो, आणि कधीकधी तिथूनच उचलला जातो.

भाचीचा हिरमोड झाला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघांना चंद्रपूरच्या परकोटावर नेलं. बगड खिडकीजवळ वर चढलो. २०१७ साली शहरातल्या इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी हा तट साफ करायला घेतला. त्याआधी इथे बुरुज आहे की झुडपांचा ढीग, ते ओळखू येत नसे. त्यांचे हात किती दिवस राबले हे आम्ही शहरवासी फार लवकर विसरलो, हे आपलं जाता जाता.

वर चालताना भाचीने विचारलं, "मामा, ही भिंत इतकी वाकडीतिकडी का आहे?"

याचं उत्तर म्हणजे एका कुत्र्याची गोष्ट. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह तेव्हा बल्लारपूरला राहत असे. त्याच्या अंगावर बऱ्या न होणाऱ्या गाठी होत्या. शिकारीला निघाला असता तहान लागली, झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यात पाणी सापडलं, आणि त्या पाण्याने गाठी गेल्या. तिथे अचलेश्वराचं देऊळ बांधायला घेतलं. पुढे एकदा त्याच भागात राजाला नवल दिसलं : कपाळावर पांढरा चांद असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे, राजा त्यांच्या मागे. ससा कधी लांबचा वळसा घेई, कधी कुत्र्याला कोंडीत धरी. अखेर एके ठिकाणी कुत्रा उलटला आणि त्याने सशाला मारलं. राणीने सल्ला दिला, सशाच्या मागावरच तट बांधा. मात्र ससा जिथे पडला तिथून शहराला कायम धोका राहील, तिथला बुरुज भक्कम करा. तटाचं काम पुढच्या पिढ्यांनी पुरं केलं. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे, पाच खिडक्या आणि सुमारे ११ किलोमीटरचा घेर.

आता इतिहास म्हणून पाहायचं तर अडचण आहे. राजा पंधराव्या शतकातला, आणि ही कथा तपशिलाने छापील मिळते ती मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात. शिवाय कुत्र्यावर उलटणारा ससा आमच्या एकट्याचा नाही. विजयनगरच्या स्थापनेबद्दल नूनिझ हा पोर्तुगीज असंच काही लिहून गेला आहे, अहमदाबादच्या अहमदशाहालाही साबरमतीकाठी तोच ससा दिसला म्हणतात. म्हणजे जागा शूर आहे हे सांगायची ती एक देशभर फिरलेली रीत.

तरीही मला चांद्याची गोष्ट वेगळी वाटते. बाकीकडे ससा जिंकतो आणि गोष्ट थांबते. पळालेल्या कुत्र्याचं पुढे काय झालं, कोणी विचारत नाही. इथे तो वळून उभा राहतो. आणि शहर वसवणारेच कबूल करतात की आमच्या तटाला एक कच्ची जागा आहे. राजधानीच्या जन्मकथेत एवढा प्रामाणिकपणा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. २० मे १८१८ रोजी कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडून शहर घेतलं, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. अहवाल त्यानंतर पन्नास वर्षांनी लिहिला गेला. त्या खिंडाराच्या आठवणीने राणीच्या तोंडचा इशारा आणखी ठळक झाला असेल का? मला तशी शंका येते. शंकाच, पुरावा नाही.

भाचीला रायगडचा वाघ्या आठवला. तिथली समाधी १९३६ची, समकालीन कागदांत त्या कुत्र्याचा पत्ता नाही, आणि त्यावरून भांडण अजून मिटलेलं नाही. चांद्याच्या कुत्र्याला नाव नाही, पुतळा नाही, म्हणून वादही नाही.

अचलेश्वर दरवाजाशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. कुत्र्याची जीभ बाहेर आली होती. झरपट समोरच होती, पण तिच्या पाण्यावर जलपर्णी आणि काठाला शहराचं सांडपाणी. भाचीने पिशवीतली बाटली काढली, ओंजळीत पाणी ओतलं, आणि राजाची तहान भागली त्या नदीच्या काठावर कुत्रा बाटलीतलं पाणी प्यायला.