फसलेले औषध, साधलेली पारख

गाय अंगाने भरलेली, दुधाला चांगली, चाऱ्याला चोख. आणि तरीही तिच्या फुप्फुसात क्षयाने घर केलेले! एकोणिसाव्या शतकातील पशुवैद्यांपुढे हे मोठेच कोडे होते. जनावर खंगू लागले, त्याला ढास लागली, म्हणजे संशय येई. परंतु तोवर गोठ्यातील इतर गुरांना बाधा झालेली असे. खात्री पटे ती बहुधा कत्तलखान्यात, फुप्फुसातील गाठी पाहिल्यावरच.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला. पुढे १८९० मध्ये त्याच जंतूंपासून काढलेला ‘ट्यूबरक्युलिन’ हा अर्क त्यांनी क्षयावरील उपाय म्हणून मांडला. रोग्यांच्या आशा पालवल्या. पण गुण येईना, कित्येकांना तर अपायच झाला. औषध फसले. मात्र हा अर्क टोचला असता क्षयी रोग्यास ताप चढतो, ही गोष्ट ध्यानात राहिली.

हाच न्याय गुरांना लावण्यात आला. अर्क टोचावा, काही तास ताप मोजावा; तो चढला तर गाय क्षयी समजावी. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी १८९२ पासून या परीक्षेला पद्धतशीर रूप दिले. ताप चढलेल्या गायी वेगळ्या बांधावयाच्या, त्यांची वासरे जन्मताच दूर करून तापविलेल्या दुधावर वाढवावयाची. अशा रीतीने सरसकट कत्तल न करताही निरोगी कळप उभा राहू लागला.

दैवाची गंमत अशी, की १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत खुद्द कॉख यांनीच गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसे भय नाही, असे सांगितले. ब्रिटिश शाही आयोगाने दहा वर्षे प्रयोग केले आणि १९११ मध्ये निर्णय दिला: गुरांचे क्षयजंतू माणसालाही बाधतात, आणि दुधावाटे विशेषतः मुलांना.

आज ताप मोजण्याऐवजी कातडी पाहिली जाते. मानेच्या किंवा शेपटीच्या बुडाच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचून तीन दिवसांनी आलेली सूज तपासतात. पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासूनचा अर्क शेजारी टोचला, तर इतर जंतूंमुळे होणारी दिशाभूलही पुष्कळशी टळते. ही परीक्षादेखील अचूक नव्हे. नुकती बाधा झालेले किंवा रोगाने अगदी खचलेले जनावर तिच्यातून निसटू शकते. म्हणूनच गाय कितीही धष्टपुष्ट दिसो, दूध उकळून घेण्याचा घरोघरचा रिवाज मोडता कामा नये.