गिलावा व लादी

गेल्या वर्षीं आमच्या राहत्या घराच्या न्हाणीघराचें काम काढावें लागलें. तें दोघां कारागिरांस वांटून दिलें होतें; गिलावा एकाकडे, लाद्या दुसऱ्याकडे. पहिला पावसाळा सरतो न सरतो तोंच, लाद्यांची वरची कड व गिलावा जेथें मिळतात तेथें भिंत फुगली, आणि पलीकडच्या खोलींत ओलीचा भला मोठा डाग उमटला. लादीवाला म्हणे, गिलावा ओला असतांच मला घाई करण्यांत आली. गिलावेवाला म्हणे, माझा थर उत्तम होता, लाद्या बसवितांना तो ठोकून खिळखिळा केला. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें. मग अपराधी कोण? या प्रश्नाचा मागोवा घेतां घेतां आम्ही फार दूरच्या काळांत जाऊन पोंचलों. तो प्रवास वाचकांस निवेदन करावा, असें वाटतें.

मोहेंजोदडो येथें 1925-26 सालीं उत्खननांत एक स्नानकुंड सांपडलें. सुमारें 12 मीटर लांब व 7 मीटर रुंद असें तें कुंड चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें आहे. त्याच्या विटा जिप्समच्या गाऱ्यांत अशा घट्ट जुळविल्या आहेत कीं, पाहणारानें थक्क व्हावें. परंतु जिप्सम पाण्यांत थोडथोडें विरघळतें. तें त्या कारागिरांस अनुभवानें ठाऊक असावें. कारण त्या विटांच्या मागें सुमारें इंचभर डांबराचा थर आहे, आणि डांबराच्या मागें पुन्हा विटांची दुसरी भिंत आहे. डोळ्यांस दिसतें तें शोभेचें. पाणी अडविणारें तें मागें, अदृश्य. न्हाणीघराच्या शास्त्राचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा रोमकांचा. व्हिट्रुव्हिअस नांवाच्या वास्तुकारानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या खंडांत ओलसर जागेचा विचार आहे. अशा जागीं जमिनीपासून सुमारें तीन फूट उंचीपर्यंत गिलाव्यांत वाळूऐवजीं कुटलेलीं खापरें घालावीं, असें तो सांगतो. भिंत सदाच ओली राहत असेल, तर तिच्यापासून थोडें अंतर सोडून आंत दुसरी पातळ भिंत उभारावी. तितकी जागा नसेल, तर भाजलेल्या मातीच्या फरशा भिंतीपासून सुट्या राहतील अशा बसवाव्या. त्या फरशांच्या मागच्या अंगास राळ फांसावी, म्हणजे त्या पाण्यास थारा देणार नाहींत. पुढच्या अंगास चुन्याचें पाणी द्यावें, म्हणजे त्या गिलाव्यास झिडकारणार नाहींत. एका अंगानें नाकारावें व दुसऱ्या अंगानें स्वीकारावें! फरशी व गिलावा यांचा संसार सुखाचा कसा होईल, ही चिंता दोन हजार वर्षांपूर्वीं एका विद्वानास लागली होती.

आमच्याकडे 'गिलावा' हा शब्द फारशींतून आला. 'गिल' म्हणजे चिखल. बादशाही बांधकामांत कामाची वांटणी बारीक असे. आइन-इ-अकबरींत चुन्याचें काम करणारांची मजुरी वेगळी दिली आहे. पण सामान्य गृहस्थाच्या घरीं न्हाणीची फरशी बसविणारा, तिच्या दर्जा भरणारा आणि भिंतीस चुना लावणारा गवंडी पुष्कळदां एकच असे. चुना बैलाच्या घाणींत मळावयाचा, त्यांत विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिळवावयाची, आणि मग वाट पाहावयाची. ही सुरखी म्हणजे व्हिट्रुव्हिअसचीं कुटलेलीं खापरेंच होत. चुन्याचा स्वभाव सावकाश. त्यास घाई खपत नसे, आणि म्हणून गवंड्यासही घाई करतां येत नसे.

ही घडी एकोणिसाव्या शतकांत मोडली. इंग्लंडांत 1824 सालीं जोसेफ अॅस्पडिननें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. 1840 सालीं रिचर्ड प्रॉसरनें जवळजवळ कोरडी माती दाबून वस्तू घडविण्याची युक्ति काढली, आणि हर्बर्ट मिंटननें ती लाद्यांस लावली. पुढें रोगजंतूंचें ज्ञान पसरलें, तशी धुण्यास सोपी अशी झिलईदार लादी रुग्णालयांतून व न्हाणीघरांतून शिरली. हिंदुस्थानांत 1914 सालीं पोरबंदर येथें सिमेंटचा कारखाना सुरू झाला. लादी कारखान्यांतून तयार येऊं लागली, आणि ती बसविणें हा निराळा धंदा बनला. भिंत एकच राहिली. हात मात्र दोन झाले.

1950 नंतर आणखी एक फरक पडला. पूर्वीं लादी अर्धापाऊण इंच जाड गाऱ्यावर बसे, आणि भिंतीचा थोडाफार वांकडेपणा त्या जाडींत झांकला जाई. पुढें पातळ चिकट मसाले आले; थर कांहीं मिलिमीटरांवर आला. आतां गिलावा ओळंब्यांत नसेल, तर लादीही ओळंब्यांत येत नाहीं. म्हणून क्रम असा हवा: आधीं सबंध भिंतीस सिमेंटचा खरबरीत गिलावा एका ओळंब्यांत, मग त्यास पाणी मारून मुरूं देणें व वाळूं देणें, मग पाणी अडविणारा लेप, आणि तोही लाद्यांच्या कडेच्या वर थोडा चढविलेला, मग लाद्या, आणि सर्वांच्या शेवटीं वरचा गुळगुळीत हात, लादीच्या कडेस भिडवून. जेथें पाणी उडतें तेथें जिप्समचा गिलावा वर्ज्य. यांत अवघड असें कांहीं नाहीं. अवघड आहे तें एवढेंच कीं, लादीची जाडी गिलावेवाल्यास आधीं कळली पाहिजे, आणि गिलावा कधीं वाळला हें लादीवाल्यास कळलें पाहिजे.

आमच्या घरीं हें दोघांसही कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हीं काम दोन भागांत तोडलें, दर ठरविले, आणि दोहोंमधल्या बोटभर सांध्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाहीं. पाणी नेमकें तेथूनच शिरलें. तेव्हां प्रारंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मुकाट्यानें स्वतःकडे बोट दाखवूनच द्यावें लागतें. यंदा भिंत पुन्हा खरवडली, तेव्हां दोघांस एकत्र बसविलें व लाद्यांची कड कोठें येणार ती रेघ त्यांच्याच हातून भिंतीवर मारून घेतली. मग गिलावा वाळेपर्यंत आम्ही स्वस्थ बसलों.