भारुडातील रूपकार्थ

भारुडातील रूपकार्थ : लोकजीवनातील व्यक्ती वा प्रसंग यांच्या वर्णनाआड सुचवलेला पारमार्थिक अर्थ.

अशा रूपकात्मक रचना ज्ञानेश्वर व नामदेव यांच्या नावावरही आढळतात. मात्र त्यांचा विस्तार पैठणचे संत एकनाथ (१६ वे शतक) यांनी केला (पहा : एकनाथ). वासुदेव, जोशी, गोंधळी यांसारखी गावोगाव फिरणारी पात्रे त्यांनी वक्ता म्हणून योजली.

भारुडात वाच्यार्थ स्वयंपूर्ण असतो. विंचवाच्या भारुडात दंशाची वेदना आणि उतारा यांचे वर्णन आहे. दंश म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण, ही उकल रचनेतच मिळते. भवानीला केलेल्या नवसाच्या भारुडात उकल इतकी उघड नाही. सासू, सासरा, जाऊ, दादला यांच्यापासून सुटका मागणारी सून ही सासुरवाशीण मानावी की प्रपंचाच्या पाशांत अडकलेला जीव, हे निरूपणावर ठरते. दोन्ही अर्थ एकाच वेळी संभवतात. ‘एका जनार्दनी’ ही एकनाथांची नाममुद्रा येते, तेथे पात्राच्या आवाजात कवीचा आवाज मिसळतो. संबोधनही दुहेरी असते : बोलणे देवीशी वा गावकऱ्यांशी, रोख श्रोत्याच्या अंतःकरणाकडे.

सोंग, अभिनय आणि गायकाचे निरूपण यांमुळे निरक्षर श्रोत्यांपर्यंत वेदान्तविचार पोहोचला (पहा : कीर्तन, लोकनाट्य). आधुनिक काळात हाच साचा व्यसनमुक्ती, स्वच्छता इ. विषयांच्या प्रचारासाठी वापरला जातो. त्यात गूढार्थाची जागा बहुधा थेट उपदेश घेतो.