हापशाचं पाणी स्वच्छ दिसतं, पण तपासलंय का?

आपल्या गेवराई तालुक्यातल्या जुन्या माणसांना नारू आठवत असेल. लोक पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचे आणि त्याच पाण्यातून नारू पसरायचा. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात गावोगावी बोअर पडले, हापसे आले. पुढे नारूही गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. हे काम मोठंच होतं.

पण तेव्हा भीती होती ती जंतूंची. जमिनीच्या पोटातून पाण्यात काय उतरतं, हे विचारायचं राहून गेलं.

याची सगळ्यात मोठी किंमत बंगालने मोजली. तळ्याच्या पाण्याने पटकी, हगवण व्हायची म्हणून तिकडे ट्यूबवेल खोदल्या. १९८३ मध्ये कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात खरखरीत झालेले रुग्ण येऊ लागले. कारण निघालं आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल! त्याला ना रंग, ना वास, ना चव. बांगलादेशात तर लाखो ट्यूबवेल तपासून चांगलीला हिरवा आणि विषारीला लाल रंग द्यावा लागला. १९९९ मध्ये गडचिरोलीला लागून असलेल्या राजनांदगाव जिल्ह्यात, कौडीकसा भागातही आर्सेनिक सापडलं.

उकळून हे विष जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटतं, म्हणून त्याचे बरेच फिल्टर लोखंडावर चालतात. पण फिल्टरनंतरचं पाणीही पुन्हा तपासावंच लागतं. मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

आता आपल्याकडे या. आपला काळा खडक वेगळा, आपलं दुखणंही वेगळं. केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत बीड जिल्ह्याचं नाव आहे ते फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी. फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं आखडतात. नायट्रेट तान्ह्या लेकरांना घातक. फ्लोराइडवर नागपूरच्या नीरीने तुरटी-चुन्याची 'नलगोंडा' पद्धत काढली, पण तिने नायट्रेट जात नाही. म्हणजे आधी तपासणी, मग उपाय. जार आणला म्हणून प्रश्न सुटत नाही. त्याचीही तपासणी कुणी केलीय का?

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं किट शिकवायचं ठरलंय. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला पाहिजे. तेव्हा येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या बोअरचा शेवटचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा? फ्लोराइड किती, नायट्रेट किती? रिपोर्ट नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा ठराव तिथंच घ्या.

नारू डोळ्यांना दिसायचा, म्हणून आपण त्याच्याशी लढलो. हे दिसत नाही, म्हणून कागदावर मागावं लागेल. तुमच्या गावचा रिपोर्ट मिळाला तर कमेंटमध्ये टाका.