रजतपटावरील वेड

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या त्र्यंबकेश्वरी जो तो पुण्यसंपादनासाठीच येतो, असे नव्हे. कुशावर्तात स्नान करून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेणाऱ्या यात्रेकरूंत अशीही कुटुंबे असतात, की ज्यांनी घरातील एक दुखणे बरोबर आणलेले असते. कोणाचा मुलगा आठवडेच्या आठवडे कोणाशी बोलत नाही. कोणाची सून रात्री दचकून उठते आणि नसलेल्या माणसांशी भांडते. पितरांचा कोप झाला असावा, बाहेरची बाधा असावी, असे कोणी तरी सुचविते आणि तीन दिवसांचा नारायण-नागबळी ठरतो. मृतांविषयीचे कर्तव्य पार पडल्याने शोकाकुल मनास धीर येतो, ही गोष्ट नाकारता येणार नाही. परंतु ज्याचे मन खरोखरच व्याधीने ग्रासले आहे, तो मुलगा विधी उरकल्यावरही तसाच मुका राहतो, आणि कुटुंब पुढच्या स्थानाची चौकशी करू लागते.

याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. त्यांच्या या मुलाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखविला आणि हिंदुस्थानात चित्रपटाचे युग सुरू केले. एकाच गावचा हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. मनाच्या व्याधीकडे पाहण्याची एक दृष्टी समाजास तीर्थक्षेत्रांनी दिली. दुसरी दृष्टी देण्याचे सामर्थ्य फाळक्यांनी आणलेल्या यंत्रात होते. त्या सामर्थ्याचा उपयोग पुढे कसा झाला, हे पाहिले म्हणजे आपल्या घरांविषयीही बरेच काही कळते.

रंगभूमीवरील वेडा प्रेक्षकांस बाहेरून दिसतो. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून रचलेले 'विकारविलसित' १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि गणपतराव जोशी यांनी त्यातील नायकाची भूमिका गाजविली. त्या नाटकात वेडाचे सोंग आणि खरे वेड या दोहोंची गाठ घातलेली आहे. तथापि नटाचे हावभाव आणि शब्द यांपलीकडे जाण्यास रंगभूमीस साधन नव्हते. चित्रपटास ते मिळाले. फाळके एकाच फिल्मवर दोन वेळा चित्रण करीत. पहिल्या वेळी जो भाग काळा राखावयाचा तो राखीत आणि दुसऱ्या वेळी त्यावर आकृती उमटवीत. देव प्रकट होतो व अदृश्य होतो, तो या युक्तीने. परंतु ज्या युक्तीने भक्तास देव दिसतो, तिनेच रुग्णास होणारे भासही दाखविता येतात. जे शेजारी बसलेल्या माणसास दिसत नाही, ते व्याधिग्रस्ताच्या डोळ्यांनी प्रेक्षकांस दाखविणे प्रथमच शक्य झाले.

जर्मनीत १९२० साली निघालेल्या 'डॉक्टर कॅलिगारीचे कपाट' या मूकपटाने ही गोष्ट ओळखली. त्यातील घरे वाकडी, रस्ते तिरपे आणि सावल्या रंगविलेल्या आहेत. शेवटी उलगडा होतो, की कथा सांगणारा तरुण वेड्यांच्या इस्पितळातील रहिवासी आहे आणि ते वाकडे जग त्याच्या मनातील आहे. कल्पना अपूर्व खरी. परंतु व्याधिग्रस्त मन म्हणजे भीतीचे आगर, ही समजूतही तिने दृढ केली. पुढे १९६० साली हिचकॉकच्या 'सायको'ने त्या भीतीच्या हाती सुरा दिला. वस्तुतः मनोरुग्णांपैकी बहुतेक कोणासही इजा करीत नाहीत. उलट त्यांनाच मारझोड आणि अवहेलना अधिक सोसावी लागते.

मराठी भाषेतील 'वेड' हा शब्द या बाबतीत फार फसवा आहे. भक्ताला विठ्ठलाचे वेड लागते, गवयाला सुरांचे. लाडक्या मुलास आई 'वेडा कुठला' म्हणते. आणि ज्याच्या मनाची घडी विस्कटली आहे, त्यासही लोक तोच शब्द लावतात. २०२२ साली 'वेड' याच नावाचा मराठी चित्रपट आला, तो प्रेमाच्या वेडाचा. शब्दातील हा घोटाळा पडद्यावरही उतरला. प्रेमभंग झाला म्हणजे नायक वेडा होतो आणि प्रेम लाभले म्हणजे शहाणा होतो, असा हिंदी चित्रपटांचा सिद्धांतच होऊन बसला. १९७० च्या 'खिलौना' या चित्रपटात संजीवकुमार यांच्या भ्रमिष्ट नायकास ताळ्यावर आणण्यासाठी घरचे लोक एका नाचणारणीस घरी आणतात. पुरुषाच्या व्याधीवर स्त्रीची सेवा हे औषध, आणि त्या स्त्रीचे काय होते याची कोणास फिकीर नाही, असा हा हिशेब.

या हिशेबातील अन्याय एका दिग्दर्शकाने ओळखला होता. असित सेन यांनी १९५९ साली बंगालीत 'दीप ज्वेले जाइ' आणि त्यावरूनच १९६९ साली हिंदीत 'खामोशी' काढला. त्यातील परिचारिकेस रुग्णावर प्रेमाचा अभिनय करण्याची आज्ञा होते. रुग्ण बरा होऊन निघून जातो आणि ती स्वतःच त्या इस्पितळातील रुग्ण होते. वहिदा रेहमान यांची ती भूमिका पाहिल्यावर प्रेमाच्या मात्रेविषयी शंका आल्यावाचून राहत नाही.

दुसरा घोटाळा उपचारांविषयीचा. विजेच्या धक्क्याचा उपचार १९३८ साली रोम येथे सेर्लेत्ती आणि बिनी या वैद्यांनी प्रथम केला. आज तो भूल देऊन व स्नायू शिथिल करून देतात आणि तीव्र नैराश्याच्या कित्येक रुग्णांस त्याने गुण येतो. पडद्यावर मात्र तो शिक्षा म्हणूनच अवतरतो. १९९३ च्या 'दामिनी'त शहाण्या नायिकेस वेड्यांच्या इस्पितळात धाडून तिचे हाल करतात, ते पाहून प्रेक्षकांच्या मनात त्या इमारतीची धास्ती बसली. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती, कारण भूल न देता धक्के देण्याची पद्धत इस्पितळांत खरोखरच होती. परंतु १९५२ पासून प्रचारात आलेल्या औषधांनी असंख्य लोक घरी राहून कामधंदा करू लागले, ही गोष्ट त्या धास्तीखाली दडून गेली. गोळी घेऊन कचेरीस जाणारा माणूस पडद्यावर चमकदार दिसत नाही, हेच त्याचे कारण.

तिसरा घोटाळा नावांचा. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या व्याधीस लोक एका देहातील दोन माणसे समजतात. ते खरे नव्हे. या व्याधीत माणसाचा वास्तवाशी असलेला संबंध तुटू लागतो. बहुधा कानांवर आवाज येतात, संशय बळावतो, उत्साह मावळतो. दुहेरी व्यक्तिमत्त्व ही निराळी आणि विरळा अवस्था. परंतु पडद्यास तीच सोयीची, कारण एका नटीस दोन रूपे देता येतात. १९६७ च्या 'रात और दिन'मधील अशा भूमिकेबद्दल नर्गिस यांना राष्ट्रीय पारितोषिक लाभले. १९९३ चा मल्याळी 'मणिचित्रताळ' आणि त्यावरून २००७ साली आलेला हिंदी 'भूलभुलैया' यांत तर त्र्यंबकेश्वरच्या त्या कुटुंबाचा प्रश्नच मांडलेला आहे. वाड्यात भूत आहे की घरच्या सुनेचे मन आजारी आहे? उत्तर देणारा मनोवैद्य असतो, तथापि शेवटी तो भूत उतरविण्याच्या विधीचे नाटक रचूनच तिला बरी करतो. प्रेक्षक विज्ञानाची टाळी वाजवितो आणि घरी जाताना विधीचे स्मरण घेऊन जातो.

पडद्याबाहेरचे चित्र याहून भीषण होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या निवाऱ्यास आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते. पळता न आल्याने २८ जण जळून मेले. त्यांस तेथे त्यांच्या नातलगांनीच पोचविले होते. त्या नातलगांचे प्रेम आटले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरी वाट त्यांस ठाऊक नव्हती.

ही दुसरी वाट दाखविण्याचे काम मराठी चित्रपटाने हाती घेतले, ही अभिमानाची गोष्ट होय. सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक. सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी २००४ साली 'देवराई' पडद्यावर आणला. कोकणातील देवराईचा ध्यास घेतलेला बुद्धिमान शेष छिन्नमनस्कतेच्या आहारी जातो. त्याची बहीण सीना त्याला आपल्या संसारात आणते. अतुल कुलकर्णी यांनी शेष उभा केला, तरी चित्रपटाचा खरा विषय ते घर आहे. भावाची चाहूल घेत जागणारी बहीण, तिचा अवघडलेला नवरा, पाहुण्यांपुढे काय सांगावे ही पंचाईत, आणि औषध चुकले की पुन्हा डोके वर काढणारा संशय. देवराईचे दाट रान हेच शेषच्या मनाचे चित्र होते. प्रेक्षक त्यात शिरतो आणि भिण्याऐवजी वाट शोधू लागतो. फाळक्यांच्या यंत्राचे ते पहिले सामर्थ्य येथे योग्य कामी आले.

याच जोडीचा २०१३ चा 'अस्तु' स्मृतिभ्रंशाची कथा सांगतो. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्ती पाहून मोटारीतून उतरतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. ज्या माहुताच्या बायकोस त्यांचे नाव-गाव ठाऊक नाही, ती त्यांस लेकरासारखे जेवू घालते. आणि त्यांची सुशिक्षित मुलगी शहरभर शोध घेत असता आपण वडिलांस कितपत ओळखत होतो, याचा विचार करू लागते. माहुताच्या बायकोच्या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पारितोषिक लाभले. २०१६ साली तयार झालेल्या 'कासव'ला सुवर्णकमळ मिळाले. त्यात जिणे नकोसे झालेला एक तरुण समुद्रकाठी हळूहळू सावरतो. त्यास कोणी उपदेश करीत नाही, घाई करीत नाही. या तिन्ही चित्रपटांत काम केलेले मोहन आगाशे हे पेशाने मनोवैद्य असल्याने ज्ञान आणि कला यांची फारकत तेथे झाली नाही. सुमित्रा भावे २०२१ साली निवर्तल्या. त्यांचे हे काम मराठी समाजाच्या स्वाधीन झाले आहे.

कायदाही याच दिशेने सरकला आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे वा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीवाचून विजेचे धक्के देण्यास मनाई केली आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य गुन्हेगार नसून तीव्र मानसिक ताणाखाली आहे, असे धरून चालण्यास सांगितले. तथापि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०० प्रौढांमागे सुमारे १० ते ११ जणांस मानसिक व्याधी आढळली आणि त्यांतील बहुसंख्यांस उपचार मिळत नव्हते. हे अंतर केवळ कायद्याने मिटणारे नाही. कारण निर्णय न्यायालयात होत नाही, स्वयंपाकघरात होतो. मुलाला वैद्याकडे न्यावे की लोकांपासून लपवावे, हे आई-बाप ठरवितात, आणि त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पडद्यावरचाच वेडा उभा असतो.

म्हणून अशा चित्रपटाची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी. दिवे लागल्यावर प्रेक्षक बाहेर पडतो, तो शेजारच्या घरातील त्या अबोल मुलाला भिऊन, हसून की ओळखून? फाळक्यांच्या जन्मगावी यात्रेकरू येतच राहतील आणि दुखावलेल्या कुटुंबांस देवाचा आधारही लागेलच. देवदर्शनाहून परतताना त्याच मुलाचा हात धरून त्यांनी वैद्याचीही पायरी चढावी, एवढे धैर्य जो चित्रपट त्यांस देईल, तो दादासाहेबांच्या वारशास शोभेल.